अंगठा तारखेवर, गोळी खिशात: चिठ्ठीशिवाय औषध घेताना या चुका टाळा

नागपुरात ‘मेडिकल’ म्हटलं की बाहेरचा माणूस गोंधळतो. चौकातलं ते मोठं सरकारी हॉस्पिटलही मेडिकल आणि कोपऱ्यावरचं औषधाचं दुकानही मेडिकल. मी दुसऱ्या मेडिकलवाला. सतरा वर्षं काउंटरमागे उभा आहे.

रात्री साडेआठनंतर एक तरी गिऱ्हाईक असं येतंच की मोबाइलमध्ये चिठ्ठीचा फोटो, आणि अंगठा नेमका तारखेवर. “भाऊ, तेच द्या, नेहमीचं.” मी म्हणतो, “काकाजी, अंगठा सरकवा जरा.” खालून 2022 निघतं.

मग काकाजी चिडतात. “अरे बाप्पा, गोळी मी खाणार, पैसे मी देणार, तुला काय त्रास?” त्यांचं अर्धं बरोबर आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 चा आणि तो मुख्यतः विकणाऱ्याला धरतो. चिठ्ठीशिवाय दिलं तर माझा परवाना निलंबित होईल, रद्दही होईल. पण म्हणून घेणारा नेहमीच मोकळा सुटतो, हा समज खोटा.

जुनी चिठ्ठी पुन्हा पुन्हा चालवणं ही सगळ्यात नेहमीची चूक. 1945 च्या नियमांप्रमाणे शेड्यूल एच, एच1 आणि एक्स, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या याद्या, यांतल्या औषधांची चिठ्ठी एकदाच चालते. पुन्हा द्यायचं असेल तर डॉक्टरांनी तसं लिहिलेलं हवं. चिठ्ठीवर सही, तारीख, पेशंटचं नाव-पत्ता, किती गोळ्या हेही हवं. औषध दिलं की दुकानदार तिच्यावर आपला शिक्का आणि तारीख टाकतो, ती याचसाठी. बीपी-शुगरवाल्यांनी डॉक्टरकडूनच ‘तीन महिने, दर महिन्याला’ असं लिहून घ्यावं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण सांगितल्याशिवाय कोणी करून घेत नाही.

हातातला गोळ्यांचा पत्ता एकदा उलटून बघा. कोपऱ्यात आरएक्स (Rx) असेल तर चिठ्ठी लागते. तोच लाल अक्षरात आणि इशारा लाल चौकटीत असेल तर औषध एच1 मधलं. त्याचं वेगळं रजिस्टर असतं आणि ते तीन वर्षं जपावं लागतं. डॉक्टर, पेशंट, औषध, किती दिलं, सगळं त्यात. ‘एनआरएक्स’ (NRx) दिसलं तर मात्र प्रकरण माझ्या परवान्यापुरतं राहत नाही. तिथून तुमचा खिसा सुरू होतो.

झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या इथे येतात: अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम. दुखण्यावरचं ट्रामाडोल 2018 पासून त्यांच्यात गेलं. या सगळ्यांवर 1985 चा एनडीपीएस कायदा चालतो, म्हणजे गांजा-ब्राउन शुगरवाला कायदा, आणि त्यात नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा ठरू शकतं. स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी 100 डोसांपर्यंत ठेवायची सवलत नियमांत आहे. उपचार लांबणार असेल आणि डॉक्टरांनी तसं खास लिहून दिलं असेल तर 300 पर्यंत. पण उपचार तुमचाच चालू आहे हे दाखवणार कशानं? चिठ्ठीनंच.

शिक्षा किती, हे जवळ सापडलेल्या मालाच्या वजनावर ठरतं. हा हिशोब बहुतेकांना माहीत नसतो, म्हणून तो नीट सांगतो. अल्प्राझोलामची ‘अल्प मात्रा’ 5 ग्रॅम आणि ‘व्यावसायिक मात्रा’ 100 ग्रॅम. गोळीत औषध असतं जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. नुसतं औषध मोजलं तर 5 ग्रॅमसाठी दहा हजार गोळ्या लागतील. पण सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये हिरा सिंग प्रकरणात सांगितलं, की औषधासोबतचा भरावही वजनात धरायचा. म्हणजे अख्खी गोळी. ती 100 मिलिग्रॅमची धरली तर पन्नास गोळ्यांतच 5 ग्रॅम भरले, दहाचे पाच पत्ते. बेकायदा बाळगल्याचं सिद्ध झालं तर अल्प मात्रेला एक वर्षापर्यंत शिक्षा, त्याच्यावर गेलं की दहा वर्षांपर्यंत, आणि व्यावसायिक मात्रेला दहा ते वीस वर्षं. तिथे जामीनही सहज मिळत नाही.

म्हणून शेजाऱ्यासाठी ‘जाता जाता घेऊन ये’ म्हणून आणलेली झोपेची गोळी बिल-चिठ्ठीशिवाय बॅगेत टाकू नका. याच गोळ्यांना रस्त्यावर ‘बटन’ म्हणतात आणि पोलिसांना ते नाव तुमच्याआधी माहीत असतं.

आता आकड्यांची कारागिरी. एकदा एका पोरानं चिठ्ठी आणली, 100 गोळ्या लिहिलेल्या. 10 निळ्या शाईत आणि शेवटचं शून्य काळ्या. मी चिठ्ठी परत दिली आणि म्हटलं, “बाबू, डॉक्टरांना फोन लावू का?” तो गेला तो परत आला नाही. भारतीय न्याय संहितेत, म्हणजे 1 जुलै 2024 पासूनच्या कायद्यात, खोटा दस्तऐवज बनवणं कलम 336 मध्ये आणि तो खरा म्हणून वापरणं 340 मध्ये आहे. फसवणुकीसाठी केलेल्या बनावटीला सात वर्षांपर्यंत शिक्षा. इथे दुकानदार साक्षीदार असतो, आरोपी तुम्ही. संगणकावर डॉक्टरचं लेटरहेड छापणाऱ्यांनाही हेच लागू.

जिममधली पोरं वेगळीच. एक जण इंजेक्शनं आणतो आणि मित्रांना ‘घेतल्या भावात’ देतो. नफा नाही म्हणून विक्री नाही, असं होत नाही. परवान्याशिवाय औषध विकण्याला तीन ते पाच वर्षं आणि किमान एक लाख दंड आहे.

गर्भपाताच्या गोळ्या कुरिअरनं मागवणं तर सरळ आगीशी खेळ. 1971 च्या कायद्यानं ठरवलेल्या डॉक्टरशिवाय ते करता येत नाही, आणि जिवाचा धोका वेगळाच. बाईनं स्वतः केला तरी संहितेच्या कलम 88 मध्ये तो गुन्हा धरला आहे. बाई अडचणीत असेल तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी हॉस्पिटलात जावं. बिनलग्नाची असली तरी दार बंद नाही.

फोनवरच्या डॉक्टरकडून शेड्यूल एक्सचं औषध लिहून घ्यायला जाऊ नका. 2020 च्या टेलिमेडिसिनच्या नियमांत ते चालत नाही. अशा औषधाची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानात दोन वर्षं राहते.

बिल मात्र प्रत्येक वेळी मागा. गिऱ्हाईक म्हणतं, “राहू द्या, कागद कशाला?” 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याची लेकरं खोकल्याच्या सिरपनं मूत्रपिंड निकामी होऊन नागपूरच्या हॉस्पिटलांत आणली गेली, तेव्हा घराघरांत बाटली हातात धरून बॅच नंबर शोधत होते. ते सिरप डॉक्टरांनीच लिहून दिलेलं होतं, तो प्रश्न निराळा. पण बॅच नंबर बिलावर असतो आणि बाटलीचं लेबल पुसलं तरी बिल राहतं.

नागपूरहून शारजा किंवा दोहाला निघणाऱ्यांनी आपल्या गोळ्यांची नावं तिथल्या यादीत आधी बघावीत. इथे कायदेशीर चिठ्ठीवर घेतलेलं ट्रामाडोल अमिरातीत पूर्वपरवानगीशिवाय नेलं तर तिथे ती चिठ्ठी पुरत नाही.

आणि रविवारी रात्री गोळी संपली, डॉक्टर गावाला गेले, तर? चार दुकानं फिरू नका. मेडिकल किंवा मेयोच्या अपघात विभागात जा, जुनी चिठ्ठी आणि रिकामा पत्ता सोबत न्या; तिथला डॉक्टर तपासून गरजेपुरतं लिहून देऊ शकतो. महिनोन्‌महिने चालू असलेली झोपेची गोळी एकदम तोडली तर झटकेही येऊ शकतात, म्हणून ‘आजपासून बंद’ असं स्वतः ठरवू नका. सवय लागली आहे असं वाटत असेल तर 14416 वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन लावा. स्वतःहून उपचाराला गेलेल्या व्यसनी माणसाला एनडीपीएसच्या कलम 64ए खाली अल्प मात्रेच्या गुन्ह्यात खटल्यापासून सूट मिळू शकते. हे अशा पोराच्या बापाला सांगितलं की तो पहिल्यांदा खुर्ची ओढून बसतो.

काकाजींना त्या रात्री मी बीपीच्या गोळ्या दिल्या नाहीत. मशीन काढून बीपी मोजला, आकडा कागदावर लिहून दिला आणि डॉक्टरांची वेळ सांगितली. दुसऱ्या दिवशी ते नवी चिठ्ठी घेऊन आले, गोळीही बदललेली होती. जुनी आता त्यांना पुरत नव्हती.