मान धरलेली, पाळी लांबलेली आणि रिपोर्ट नॉर्मल, मग करायचं काय?

मागच्या उन्हाळ्यात माझी मान धरायची. रोज नाही, फक्त रविवारी संध्याकाळी. आधी कुलरवर आळ घेतला, त्याचं तोंड फिरवलं, मग उशी बदलली, मग धंतोलीत जाऊन डॉक्टरांना दाखवलं, एक्सरे झाला, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. "टेन्शन घेऊ नका" म्हणाले आणि मी मलम घेऊन घरी. टेन्शन घेऊ नका म्हणजे नागपुरात मे महिन्यात घाम येऊ देऊ नका म्हटल्यासारखं झालं.

मग एका रविवारी चार वाजता ओट्याशी उभी राहून सांबार चिरत होते (पुण्या-मुंबईच्या बायांनो, सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीसोबतचं नाही), दहा माणसांची पाटोडी (बेसनाच्या वड्या आणि रस्सा) होती म्हणून मोठी जुडी घेतलेली, आणि पोरगी मागून म्हणते, "आई, तू खांदे असे वर काहून करून राहिली?" पाहते तर खरंच, खांदे कानाला टेकायला आलेले, दात आवळलेले, सुरी इतकी घट्ट धरलेली की अंगठा पांढरा पडलेला. घरात कोणी काही बोललं नव्हतं, भांडण नव्हतं, टीव्ही चालू होता. आठ वर्षांपूर्वी मी सासरच्यांना एकदा "या ना रविवारी जेवायला" म्हटलं होतं, तेव्हापासून दर रविवारी सगळे येतात. माणसं चांगली आहेत, मला आवडतात पण. पण हो-नाही परत कोणी विचारलं नाही, मी पण सांगितलं नाही, आणि ते "नाही" मानेत जाऊन बसलं.

हा काही माझा शोध नाही, डॉक्टर तर मी नाहीच. पण त्यानंतर वर्षभर वाचलं, विचारलं, स्वतःवर करून पाहिलं, त्यातलं जे कामाचं वाटलं ते लिहून राहिले.

आधी तपासण्या, मग मन

हे पहिलं, कारण इथेच लय घोळ होतो. बाई थकली म्हटलं की घरचे म्हणतात टेन्शन, आणि बाई स्वतःपण म्हणते टेन्शनच असेल. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये ५७ टक्के जणींना ॲनिमिया, म्हणजे रक्त कमी, आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आलंय, म्हणजे भिशीला दहा जणी बसल्या तर निम्म्याहून जास्त. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर धडधड, चिडचिड, दम लागणं, डोकं जड, हे सगळं होतं आणि ते हुबेहूब टेन्शनसारखंच दिसतं. थायरॉईडचंही तसंच, बी-१२ चंही. म्हणून सीबीसी (यात हिमोग्लोबिन कळतं), टीएसएच (थायरॉईडची तपासणी), बी-१२, शुगर एवढं तरी करून घ्या. पाळी लांबली असेल तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट, हसू नका, चाळिशीतही करा. आणि चाळिशी ओलांडली असेल, झोप उडून राहिली, रात्री घाम फुटतो, उगाच रडू येतं, तर पाळी जायच्या आधीचे बदल असू शकतात, ते पण विचारा.

छातीत दडपण, त्यासोबत दम किंवा जबड्यात-पाठीत कळ, मळमळ, असं असेल तर ॲसिडिटी म्हणून जिरागोळी चघळत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल. बायांचा हार्ट अटॅक कधीकधी छातीत न दुखता असाच येतो. स्तनात गाठ, पाळी गेल्यावर वर्ष-दोन वर्षांनी परत रक्त जाणं, यात मनाचा काही संबंध लावू नका, दाखवा.

हे सगळं पाहून झालं, औषध लागत होतं ते सुरू झालं, आणि तरी शरीर ठरावीक वेळी ठरावीक जागी दुखतंच आहे, तर पुढचं वाचा.

हे होतं कसं

मनीष नगरहून बर्डीला रोज ॲक्टिव्हाने जात असाल तर कोणता सिग्नल कधी गेला हे आठवत नाही ना? हात आपोआप ब्रेक दाबतात. जे शंभरदा केलं ते मेंदू पाठ करून टाकतो, दरवेळी विचार करायला त्याला परवडत नाही. लहानपणी आई सगळ्यांचं झाल्यावर, उरलेल्या भाजीत पोळी फिरवून जेवताना पाहिली, तेही पाठ झालं. "मला काही नको" हे पाठ, कोणाचा आवाज चढला की आपण गप्प हे पाठ, ताप असला तरी पाच वाजता उठणं पाठ. लोक याला सबकॉन्शस पॅटर्न वगैरे म्हणतात, मी सवय म्हणते, फक्त ही सवय आपण ठरवून लावलेली नसते.

आता गंमत अशी की तोंड "हो" म्हणतं पण मेंदूतली धोक्याची घंटा काही तोंडाचं ऐकत नाही. मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा भाग पिट्युटरी ग्रंथीला सांगतो, पिट्युटरी किडनीच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना, आणि कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन सुटतं. मागे कुत्रं लागलं तर हे कामाचं, पळता येतं. पण दर आठवड्याला, दर संध्याकाळी, सुट्टीच नाही असं झालं की अंगावर येतं. हान्स सेली नावाच्या संशोधकाने १९३६ मध्येच उंदरांवर पाहिलं होतं की त्रास कोणताही द्या, थंडी असो की इजा, उंदरांच्या ॲड्रिनल सुजतात आणि पोटात व्रण पडतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोट बिघडतं ते काही मनाचे खेळ नसतात, पोट आणि मेंदू एकमेकांशी सतत बोलत असतात.

पाळीचंही असंच. ताण खूप वाढला की हायपोथॅलॅमस बीजांडकोषाकडे जाणारा निरोप हळू करतो, बीज उशिरा सुटतं, आणि बीज सुटल्यापासून पाळीपर्यंतचे साधारण दोन आठवडे तसे ठरलेले असतात, म्हणून पाळीही पुढे जाते. एखादा महिना असं झालं तर घाबरू नका, पण तीन महिने आलीच नाही तर डॉक्टरकडे.

आणि गप्प बसण्याचं म्हणाल तर अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाचं गाव आहे, तिथे पिढ्यान् पिढ्या लोकांच्या हृदयाचा अभ्यास चालतो. २००७ मध्ये त्यातून असं निघालं की नवऱ्याशी वाद झाला की मनातलं गिळून टाकणाऱ्या बायांमध्ये दहा वर्षांत मृत्यू येण्याचं प्रमाण बोलणाऱ्या बायांच्या चौपट होतं. पुरुषांमध्ये असं दिसलं नाही. आता यावरून गप्प बसल्यानेच जीव गेला असं म्हणता येत नाही, एकाच अभ्यासाने तसं ठरत नसतं, पण मी हे वाचलं त्या दिवशी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, तू कधी गप्प बसते? मी म्हटलं, हेच तर तुला माहीत नाही.

दहा दिवसांची वही

पोराची अर्धी उरलेली वही घ्या, मोबाईलमध्ये नको, मोबाईल उघडला की व्हॉट्सॲप दिसतं आणि झालं. दुखलं, धडधडलं, ॲसिडिटी झाली, रडू आलं, की तीनच गोष्टी लिहायच्या: किती वाजले, अंगात कुठे, आणि त्याच्या आधीच्या एक-दोन तासांत काय झालं किंवा काय होणार होतं. "होणार होतं" हे विसरू नका, माझी मान पाहुणे आल्यावर नाही, यायच्या आधी धरायची. कारण शोधत बसू नका, कोणाला दोष देऊ नका, नुसतं लिहा, आणि पाळीचा दिवस कितवा तेही टाका. दहा दिवसांनी लाल पेनने सारखं-सारखं जे आलं त्याला गोल करा.

माझ्या वहीत रविवार निघाला हे ठीक, पण दुसरं एक निघालं ते मला अजिबात माहीत नव्हतं. बुधवारी ऑफिसनंतर बर्डीला बाजार करते त्या दिवशी डोकं ठणकायचं. कारण काय तर दुपारपासून पाणीच प्यायचं नाही, बाजारात बाथरूम कुठे शोधणार म्हणून. हे मी कधी ठरवलं? कधीच नाही, कॉलेजपासूनचं आहे. ४४-४५ डिग्रीत पाणी न पिणं आणि लघवी धरून ठेवणं, मग डोकं दुखणार, लघवीला जळजळ होणार. आता बाजाराआधी मेट्रो स्टेशनवर जाऊन येते, बाटली सोबत ठेवते, डोकेदुखी गेली. काही गोष्टींना समुपदेशन लागत नाही, टॉयलेट लागतं.

अंगावर काम आधी, विचारांवर नंतर

मेंदूतली धोक्याची घंटा वाजत असताना "सकारात्मक विचार कर" म्हणून काही होत नाही. श्वास मात्र आपल्या हातात असतो. नाकाने चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, पाच मिनिटं. बाहेरचा लांब ठेवायचा, श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे हळू होतात, तेच पाहिजे. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधेही जमतं. गरगरलं तर थांबा.

दुसरं, जबडा. दात एकमेकांवर टेकलेले नको, जीभ सैल, ओठ मिटलेले. फ्रिजवर एक टिकली चिकटवा, ती दिसली की जबडा आणि खांदे पाहायचे. मूठ पाच सेकंद करकचून आवळायची आणि एकदम सोडायची, मग खांदे, मग कपाळ, हेही रात्री पडल्या-पडल्या चांगलं.

चालणं सगळ्यांना माहीतच आहे, फुटाळा तलावावर जा की अंबाझरीला, फक्त फोनवर बोलत नका चालू. चहाचं सांगते, जेवणावर लगेच नको, त्यातलं टॅनिन लोह अडवतं, आणि संध्याकाळी सहानंतरचा कप रात्री झोप खातो, कॅफिन अर्धं व्हायलाच पाच-सहा तास लागतात. हे मला सगळ्यात जड गेलं.

"पाहून सांगते"

एकदम "नाही" म्हणायला जाऊ नका, आयुष्यभर जमलं नाही ते मंगळवारपासून थोडीच जमणार आहे. आधी फक्त "हो" लांबवा. कोणी काही मागितलं की "पाहून सांगते". दोनच शब्द, भांडण नाही, अपमान नाही. तेवढ्या वेळात छाती-पोट कसं वाटून राहिलं ते पाहा, तोंडापेक्षा ते खरं सांगतं. पहिल्या पाच-सहा वेळा धडधडेल, अपराधी वाटेल, समोरचाही चपापेल, महाल भागातल्या माझ्या काकू तर म्हणाल्या, "काय वं, मोठी साहेबीण झाली काय?" होऊ द्या. जिथे नाही म्हटलं की मारहाण होते, तिथे मात्र हा प्रयोग करू नका, १८१ ही महिला हेल्पलाईन आहे, तिथे आधी बोला.

मारबत काढा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या-पिवळ्या मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते आणि सगळं नागपूर "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडतं. वर्षभर तुंबलेलं असं गावासमोर ओरडून टाकायची सोय आपल्याला आहे. घरात ती कागदावर करायची. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये कॉलेजच्या पोरांना सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं मनातलं सगळ्यात जड ते लिहायला लावलं, लिहून झाल्यावर तेव्हा वाईटच वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत ती पोरं डॉक्टरकडे कमी गेली. तसंच करा, शुद्धलेखन नको, कोणाला दाखवायचं नाही. मग कागद फाडायचा, हे फाडणं माझ्या मनाचं आहे. एखादी जखम इतकी मोठी असते की लिहिताना हातपाय गार पडतात, ती एकटीने उघडू नका.

आणि हो, दोन दिवसांत सबकॉन्शस रिप्रोग्राम करून देतो म्हणणारी शिबिरं. मी एकात पैसे घालवले आहेत. तिथे सांगितलं की गर्भाशयातली गाठ म्हणजे दाबलेला राग आणि गुडघा म्हणजे अहंकार. बाप्पा! ताणाने दुखणं वाढतं हे खरं, पण तुझी गाठ तुझ्याच विचारांनी झाली असं सांगणं म्हणजे आजारी बाईच्या डोक्यावर अजून एक ओझं. आणि कोणी थायरॉईडची गोळी बंद करा म्हटलं तर चप्पल घालून निघा.

दोन आठवड्यांहून जास्त कशातच मन लागत नाही, झोप-भूक गेली, घाबरून जीव जातो असं वाटतं, मग वही पुरत नाही, सायकियाट्रिस्ट किंवा समुपदेशक पाहा. नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी हॉस्पिटलांत ओपीडी आहे, सरकारी दर. नकोसं वाटतंय, मरावंसं वाटतंय, तर आत्ताच १४४१६ लावा, टेली-मानस, फुकट आहे, दिवसरात्र, मराठीत बोलतात.

माझ्या रविवारचं विचाराल तर तो आता पंधरा दिवसांतून एकदा झाला. सांगायला मला दीड महिना लागला, आणि सांगितलं तेव्हा नणंद म्हणाली, "अगं वहिनी, आम्हालाही दर रविवारी यायचा कंटाळाच यायचा, पण तुला वाईट वाटेल म्हणून येत होतो." रस्सा आता ती करून आणते. सांबार मात्र मीच चिरते, तिचं जाड होतं.