चार किलो द्राक्षं, एक किलो बेदाणा आणि जीवशास्त्राचा अभ्यास

नववीच्या घटक चाचणीत प्रश्न होता, 'परासरणाचे एक उदाहरण द्या.' आमचं गाव तासगाव तालुक्यातलं. घरची द्राक्षबाग, बागेला लागूनच बेदाण्याचं शेड. मी लिहिलं, 'द्राक्षातले पाणी बाहेर जाऊन बेदाणा तयार होतो.' शून्य गुण मिळाले. पेपर घेऊन बाईंकडे गेले, तर त्यांनी बरोबर उत्तर सांगितलंच नाही. मलाच विचारलं, "पाणी कुठून निघालं? कुठे गेलं? मध्ये काय होतं?"

द्राक्षातून निघालं आणि हवेत गेलं, असं मी म्हणाले आणि बोलता बोलताच चूक लक्षात आली. परासरणात निवडक्षम पारपटलाच्या, म्हणजे पाणी जाऊ देणाऱ्या पण साखरेसारखे पदार्थ अडवणाऱ्या पातळ पडद्याच्या, दोन्ही बाजूंना द्रावण किंवा निदान एका बाजूला नुसतं पाणी असावं लागतं. पाणी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जातं. शेडमध्ये द्राक्षाबाहेर द्रावण कुठे होतं? कोरडी, वाहती हवा होती. ते बाष्पीभवन. तोच बेदाणा रात्रभर साध्या पाण्यात टाकला की फुगतो, ते मात्र परासरण.

आज मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात हेच सांगते: व्याख्या पाठ करायच्या आधी 'काय, कुठून, कुठे, कशातून' हे चार शब्द समासात लिहा आणि प्रत्येक धडा त्यांच्यापुढे उभा करा. ज्या प्रक्रियेची चार उत्तरं देता येतात, तिची व्याख्या आपोआप लिहिता येते. देता येत नसतील, तर व्याख्या कितीही तोंडपाठ असली तरी प्रश्न थोडा फिरवून आला की हात थांबतो.

या सवयीमुळे घरचं कामही मला नव्याने दिसलं. आबा द्राक्षं वाळत घालण्याआधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढायचे. का, तर 'लवकर वाळतात.' पण लवकर का वाळतात? द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो आणि तो पाणी अडवतो. या द्रावणाने त्या थराची रचना बदलते, पाण्याला वाट मिळते आणि माल साधारण पंधरा दिवसांत तयार होतो. पानांवरचा क्युटिकलचा थरही हेच पाणी अडवायचं काम करतो. पुस्तकात बाष्पोच्छ्वासाच्या, म्हणजे पानांतून पाणी वाफ होऊन जाण्याच्या, धड्यात क्युटिकलबद्दल एखादंच वाक्य असतं, पण मला ते कधी पाठ करावं लागलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन या जोडीला द्या, कारण पुढचं निम्मं जीवशास्त्र यांच्यावर उभं आहे. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो, म्हणजे तीन किलो वजन पाणी होऊन हवेत गेलं. आता उलटा प्रश्न घ्या: झाडाचं वजन येतं कुठून? वर्गात बहुतेक हात 'मातीतून' म्हणून वर होतात. व्हॅन हेल्माँट या शास्त्रज्ञाने हे तपासलं होतं. 200 पौंड कोरडी माती, त्यात 5 पौंडांचं विलोचं रोप, आणि पाच वर्षं फक्त पाणी. झाड 169 पौंडांचं झालं आणि माती जेमतेम 2 औंसांनी घटली. म्हणजे मातीतून नाही, हे त्याने दाखवलं. पण मग सगळं वजन पाण्यातूनच आलं असा निष्कर्ष काढला आणि तिथे तो चुकला. 'गॅस' हा शब्द त्यानेच रूढ केला, कोळसा जळताना निघणारा वायूही त्याला माहीत होता. त्याच कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन झाड लाकडात बांधतं, हे मात्र त्याच्या हिशेबात आलं नाही. हा प्रयोग मी दरवर्षी सांगते, कारण जमाखर्चात एक रकाना राहिला की काय होतं ते यातून स्वच्छ दिसतं.

श्वसनाबद्दल दोन गैरसमज पहिल्यांदा काढून टाका. झाडं फक्त रात्री श्वसन करतात, हे चूक आहे. ती चोवीस तास श्वसन करतात. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग जास्त असल्याने बाहेरून ते जाणवत नाही. दुसरं, श्वासोच्छ्वास म्हणजे श्वसन नव्हे. छातीत होतं ती हवेची ने-आण. ऊर्जा मोकळी होते ती पेशीत, बरीचशी तंतुकणिका (मायटोकाँड्रिया) या पेशीतल्या भागात.

आनुवंशिकतेत मुलं आईवडिलांच्या जनुकांच्या जोड्या मांडायचे चौकोन भरायला पटकन शिकतात, पण 3:1 म्हणजे चार मटारांत बरोबर तीन गोल, असं धरून बसतात. मटारांवर आनुवंशिकतेचे प्रयोग करणाऱ्या मेंडेलला 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेले दाणे मिळाले होते, म्हणजे 2.96:1. एवढे दाणे मोजले म्हणून गुणोत्तर दिसलं. दोन नाणी घेऊन आधी आठ वेळा उडवा, मग दोनशे वेळा, आणि दोन्ही काटे, म्हणजे जणू सुरकुतलेला दाणा, किती वेळा पडले ते मोजा. आणि 'प्रभावी' म्हणजे ताकदवान किंवा जास्त लोकांत आढळणारा, असं नव्हे. जनुकांच्या जोडीत एकच असला तरी ज्याचा गुण दिसतो, तो प्रभावी.

मराठी माध्यमातून अकरावीला येणाऱ्यांना इंग्रजी संज्ञांची धास्ती असते. मलाही होती, पहिले दोन महिने मी वर्गात तोंड उघडलं नव्हतं. पण आपल्या संज्ञा टाकून देऊ नका. 'अर्धसूत्री विभाजन' या नावातच गुणसूत्रं निम्मी होतात हे सांगितलेलं आहे: 46 ची 23, म्हणजे आईकडून 23 आणि वडिलांकडून 23 आली की पुन्हा 46. 'मायोसिस' या शब्दातून हे ऐकू येत नाही. वहीत दोन्ही शब्द शेजारी लिहा आणि मधे एक छोटी आकृती काढा. 'प्लाझमोलिसिस' आणि 'रससंकोच' यांच्या मधे मी ऱ्हिओ या जांभळ्या पानांच्या शोभेच्या झाडाच्या पानाची पेशी काढली होती. प्रात्यक्षिकात मिठाच्या पाण्याचा थेंब पडल्यावर तिचा जांभळा ऐवज भिंत सोडून आत सरकताना मी स्वतः पाहिला होता. प्रात्यक्षिकाच्या दिवशी गैरहजर राहू नका, आणि मैत्रिणीच्या जर्नलमधली आकृती उतरवू नका. सूक्ष्मदर्शकात जे दिसतं तेच काढा, वेडंवाकडं आलं तरी चालेल.

बारावीत असताना भिजवलेले बेदाणे दाखवून मी आबांना परासरण समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ते परत द्राक्ष का होत नाही?"

मला उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी वाटीतलं पाणी चाखून पाहिलं, ते गोड लागलं. पाणी आत गेलं होतं, पण थोडी साखरही बाहेर आली होती. म्हणजे इथलं पारपटल आता पूर्वीसारखं निवड करत नव्हतं. ताज्या द्राक्षाचा टणकपणा जिवंत पेशी पाण्याने ताठ राहतात म्हणून असतो. वाळताना त्या पेशी मरतात, त्यांची पटलं फाटतात. फुगतो तो फक्त उरलेला सांगाडा आणि साल. हे मी आबांना सांगितलं, तेव्हा त्यांनीही वाटी उचलून एक घोट घेतला.