रंगाला धक्का न लावता पत्र्यावरचा पोचा घरी कसा काढावा

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरचा टॉवर असो किंवा वाशी-नेरूळमधली सिडकोची जुनी वसाहत असो, गाडी उभी करायची म्हणजे शेजाऱ्याच्या गाडीचे दार, दुचाकीचे हँडल आणि मुलांचा चेंडू यांच्या तावडीत ती सोपवायची, असाच बहुतेकांचा अनुभव आहे. यातून होणारे पोचे सहसा लहान असतात आणि रंगही शाबूत असतो. तरीही गॅरेजमध्ये गेल्यास खळग्यात लांबी (पुट्टी) भरून पूर्ण दार रंगवण्याचा सल्ला बहुधा मिळतो. विम्याचा दावा करावा, तर वर्षभर दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, जी पहिल्या वर्षानंतर 20 टक्के असते आणि सलग पाच वर्षांनंतर 50 टक्क्यांपर्यंत पोहोचते, ती एका वाटीएवढ्या पोच्यासाठी गमवावी लागते. शिवाय कारखान्यात भट्टीत पक्का झालेला मूळ रंग एकदा घासून काढला, की त्याच्या तोडीचा रंग बाहेर सहसा मिळत नाही. म्हणूनच तो वाचवण्यासाठी थोडा वेळ खर्च करणे योग्य ठरते.

मात्र हात लावण्यापूर्वी पोचा नीट पारखून घ्यावा. पोचा उथळ आणि गोलसर असावा, त्याच्या तळाशी धारदार घडी नसावी आणि रंगाला केसाएवढीही चीर गेलेली नसावी. दाराच्या कडेवरचा किंवा पत्र्याला मुद्दाम दिलेल्या उठावाच्या रेषेवरचा पोचा घरी काढण्याच्या फंदात पडू नये, कारण तिथे पत्रा दुमडलेला आणि ताठ असतो. पूर्वी त्या जागी लांबी भरलेली आहे का, हेही पाहावे. पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पोलादी पत्र्यावर सगळीकडे सारखे चिकटते, पण लांबीवर त्याची पकड ढिली होते. दाराच्या रबरी पट्टीवर रंगाचे शिंतोडे दिसले, तर तो भाग पुन्हा रंगवलेला आहे असे समजावे आणि तिथे चिकटवून ओढण्याची पद्धत टाळावी, कारण पोचा जागेवर राहून रंगाचा पापुद्राच हातात येण्याची भीती असते. रंग तडकलेला असेल, तर प्रश्न पोच्याचा राहत नाही, गंजाचा होतो; खाडीकाठची दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पाहता अशा जागी आधी प्रायमर आणि टचअप लावून घ्यावा.

पत्र्याचा स्वभाव समजला, की पुढचे काम सोपे होते. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याची बाजू अंगठ्याने दाबली तर ती आत जाते आणि सोडताच टक्क आवाज करून बाहेर येते, कारण पत्रा फक्त वाकलेला असतो, ताणलेला नसतो. गाडीचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा असल्याने मोठा पण उथळ पोचा पुष्कळदा याच जातीचा असतो. लहान आणि खोल पोच्याची गोष्ट वेगळी असते. तिथे मध्यभागी पत्रा ताणला जातो आणि भोवती एक बारीक उंचवटा उठतो, जो मधल्या खळग्याला जणू कुलूप लावून ठेवतो. हा काठ न बसवता नुसता मध्य ओढत राहिल्यास मधोमध टेंगूळ उभे राहते आणि भोवती खळगा तसाच उरतो. तांब्या-पितळेच्या भांड्याचा पोचा काढणारा तांबटही खळग्याच्या मध्यावर एकच जोराचा ठोका घालत नाही.

कामाची जागा उजेड पाहून निवडावी. इमारतीखालच्या पार्किंगमधली लांब ट्यूबलाइट यासाठी फार उपयोगी पडते. तिचे प्रतिबिंब पत्र्यावर सरळ रेषेसारखे दिसते आणि पोच्यापाशी येताच वाकते. ट्यूब नसेल, तर पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या चिकटपट्टीच्या समांतर रेषा ओढून तो समोर उभा करावा. प्रत्येक ओढीनंतर त्या रेषेकडे पाहावे, कारण खळगा किती उरला आणि उंचवटा कुठे झाला, हे नुसत्या नजरेपेक्षा ती रेषा अधिक नेमके सांगते. हाताने चाचपताना पातळ सुती कापड मध्ये घेतल्यास बारीक चढउतारही बोटांना जाणवतात.

मोठ्या उथळ पोच्यासाठी पाण्याने भिजवलेला रबरी सक्शन कप पुरेसा होतो. तो मध्याऐवजी किंचित बाजूला लावून पत्र्याला काटकोनात ओढावा. लहान पोच्यासाठी मात्र ‘डेंट पुलर’ या नावाने मिळणारा संच घ्यावा, ज्यात गरम गोंदाची बंदूक, प्लास्टिकची बटणे आणि ओढण्याचा पूल, म्हणजे पत्र्यावर पाय टेकवून चिकटवलेले बटण स्क्रूने वर ओढणारी चौकट, असतो. पत्रा शाम्पूने धुऊन, वाळवून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, कारण मेण किंवा दमटपणा राहिला तर गोंद धरत नाही. पोच्याहून लहान बटणाला गोंद लावून ते मध्यावर टेकवावे आणि गोंद निवेपर्यंत थांबावे. एप्रिल-मेमध्ये उन्हात तापलेल्या बॉनेटवर हा गोंद घट्टच होत नाही, त्यामुळे हे काम सकाळी सावलीत करावे. त्यानंतर पुलाचा स्क्रू हळूहळू आवळून थोडेसेच ओढावे, बटणाच्या कडेला अल्कोहोल सोडून ते अलगद सोडवावे आणि प्रतिबिंब पाहून पुन्हा लावावे. एका पोच्याला आठ-दहा वेळा असे करावे लागले, तरी त्यात वावगे काही नाही. मध्येच काठ उंच दिसू लागला, तर गोल टोकाची नायलॉनची दांडी त्यावर ठेवून लहान हातोडीने अगदी हलके ठोके द्यावेत. ठोका नखाने टिचकी मारण्याहून फार मोठा नसावा.

आतून ढकलणे अधिक परिणामकारक असते, पण त्यातले धोकेही अधिक आहेत. डिकीच्या झाकणामागे किंवा चाकावरच्या आतल्या प्लास्टिकच्या आवरणामागे हात पोहोचत असेल, तरच हा मार्ग धरावा. छताच्या आतले कापड आणि दाराचे आतले पॅड मात्र स्वतः उघडू नये, कारण पुष्कळ गाड्यांत तिथे एअरबॅग किंवा तिचे सेन्सर असतात. ढकलण्यासाठी स्क्रू-ड्रायव्हर कदापि वापरू नये. मी पहिल्याच प्रयत्नात तो वापरला होता आणि बाहेरच्या बाजूला उठलेली मोहरीएवढी पुटकुळी आजही ट्यूबलाइटखाली दिसते. कापड गुंडाळलेली, गोल टोकाची लाकडी दांडी त्याहून पुष्कळ बरी.

बंपरचे तंत्र निराळे आहे. तो थर्मोप्लास्टिकचा असल्याने उष्णतेने मऊ होतो. उकळते पाणी पोच्यावर हळू ओतून, जाड हातमोजे घालून मागून ढकलावे आणि आकार परत येताच थंड पाणी ओतावे. मागे पार्किंग सेन्सरची वायर आहे का, हे आधी पाहून घ्यावे. हाच प्रयोग पोलादी दारावर करून उपयोग होत नाही. हेअर ड्रायरने पत्रा तापवून त्यावर ड्राय आइस ठेवण्याची युक्तीही मी कोणाला सुचवणार नाही, कारण उणे 78.5 अंशांचा तो बर्फ कातडी जाळतो, बंद जागेत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि ताणलेला पत्रा त्याने मागे येत नाही.

ट्यूबलाइटची रेषा जवळपास सरळ झाली आणि दोन पावलांवरून पोचा दिसेनासा झाला, की हात थांबवावा, कारण त्यापुढची प्रत्येक ओढ पत्रा आणखी ताणते. गोंदाचे उरलेले कण अल्कोहोलने काढून ती जागा धुवावी आणि त्यावर मेणाचे एक बोट फिरवावे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या तिरप्या उन्हात एकदा पाहून घ्यावे. रात्रीच्या दिव्यात सुटलेला एखादा काठ तेव्हा हमखास सापडतो.