ईजीएफआरचा अहवाल कसा वाचावा

पुण्यात घरच्या रुग्णाचा फुप्फुसाच्या कर्करोगाचा अहवाल हाती आला, की ‘ईजीएफआर पॉझिटिव्ह’ (म्हणजे पेशीच्या वाढीशी संबंधित ईजीएफआर जनुकात बदल आढळला) एवढ्यावर थांबू नये. पुढे एक्झॉनचा, म्हणजे जनुकाच्या ज्या भागात बदल आहे त्याचा, क्रमांक असतो, तो आवर्जून पाहावा. १९ मधील लोप (तुकडा गळणे) किंवा २१ मधील ‘एल८५८आर’ बदल असल्यास ईजीएफआर रोखणाऱ्या गोळ्या बहुधा लागू पडतात. मात्र २० मध्ये जादा तुकडा घुसलेला असेल, तर औषध बसण्याची खोबणच अरुंद होते आणि जेफिटिनिब, एर्लोटिनिब यांसारख्या या गोळ्या बहुतेकदा पहिल्या दिवसापासूनच निष्प्रभ ठरतात. कधी मेट या दुसऱ्याच जनुकाच्या वाढीव प्रती पेशीला वाढीची दुसरी वाट देतात, मग गोळ्यांचा उपयोग होत नाही. म्हणून अनेक जनुके एकत्र तपासणाऱ्या एनजीएस चाचणीविषयी डॉक्टरांना विचारावे. त्यासाठी बायोप्सीत काढलेल्या तुकड्याचा मेणातला ब्लॉक लागतो. तो नेताना एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत कृपया ठेवू नये, मेण मऊ पडते.