सेरेब्रल मलेरियाच्या मार्करवर काम सुरू करण्याआधी

लहान मुलांमधला सेरेब्रल मलेरिया (मेंदूवर परिणाम करून बेशुद्धी आणणारा मलेरिया) आणि रक्तातले मार्कर (आजार किती गंभीर ते सांगू शकणारे पदार्थ) हा विषय थिसिससाठी मिळाला असेल, तर अँजिओपोएटिन-2 (रक्तवाहिन्यांच्या अस्तराशी संबंधित प्रथिन) मोजायचं किट मागवायची घाई करू नका. नमुन्यांसोबत आलेल्या तक्त्यात रेटिनोपॅथीचा, म्हणजे डोळ्याच्या पडद्यावरच्या खुणांचा, रकाना भरलाय का, ते आधी बघा. माझ्या तक्त्यात तो बराचसा कोरा होता आणि सगळं काम तिथेच अडलं.

ब्लँटायर कोमा स्कोअर (लहान मुलांची शुद्ध मोजणारी 0 ते 5 ची मोजपट्टी) 2 किंवा कमी, रक्तात फाल्सिपेरम हा मलेरियाचा परजीवी आणि बेशुद्धीचं दुसरं कारण सापडत नाही, की मूल सेरेब्रल मलेरियाच्या गटात जातं. पण आफ्रिकेतल्या मलावीत धडधाकट खेळणाऱ्या मुलाच्या रक्तातही हे परजीवी सापडतात. ते मूल दुसऱ्याच आजाराने बेशुद्ध झालं तरी स्लाइड पॉझिटिव्हच येणार. तिथल्याच ब्लँटायर शहरातल्या, 2004 मधल्या शवविच्छेदन अभ्यासात या व्याख्येत बसणाऱ्या 31 मुलांपैकी 7 जणांच्या मृत्यूचं कारण वेगळंच निघालं. जिवंतपणी हा फरक दाखवणारी खूण एकच होती, डोळ्याचा पडदा. थेंब टाकून बाहुली मोठी केली की पांढुरके चट्टे, मध्ये पांढरा ठिपका असलेले रक्तस्राव, रंग बदललेल्या रक्तवाहिन्या दिसतात. ही नोंद नसेल, तर तुमच्या 'गंभीर' गटात दोन-तीन आजारांची सरमिसळ झालेली असते. मग मार्कर कितीही चांगला असो, हाती काही लागत नाही.

रकाना कोरा असला तरी धीर सोडू नका. पक्व परजीवी असलेल्या पेशी मेंदूतल्या केशवाहिन्यांना चिकटून बसतात, त्यामुळे स्लाइडवरच्या संख्येवरून गंभीरता कळत नाही. प्लाझ्मातलं एचआरपी2, म्हणजे परजीवीने सोडलेलं एक प्रथिन, त्या लपलेल्या साठ्याचा अंदाज देतं. ते खूप वाढलेलं असेल, तर मलेरियाच कारण असण्याची शक्यता वाढते. मार्ग आहे.

मोजमापातही एक खाच आहे. अँजिओपोएटिन-2 सोबत बघितलं जाणारं अँजिओपोएटिन-1 प्लेटलेटमध्ये (रक्त गोठवणाऱ्या कणांमध्ये) साठलेलं असतं, रक्त गोठताना बाहेर पडतं. म्हणून सीरम (रक्त गोठल्यावर उरलेला द्रव) आणि प्लाझ्मा (गोठू न दिलेल्या रक्तातला द्रव) यांचे आकडे एकत्र करू नका.

ढीगभर मार्कर एकदम मोजून ज्याची पी-व्हॅल्यू (फरक नसतानाही असा निकाल योगायोगाने दिसण्याची शक्यता) लहान तो उचलायचा, हा शॉर्टकट मला मुळीच मान्य नाही. निरोगी मुलांशी केलेली तुलनाही फसवी. कोण वाचतं आणि कोण दगावतं, हे शोधायचंय. वॉर्डातच कळणाऱ्या लॅक्टेट (ऊतींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ) आणि ग्लुकोजपेक्षा तुमचा मार्कर जास्त काय सांगतो, ते दाखवा. गाइड निवडता येत असेल, तर अशा मुलांच्या वॉर्डात रात्रपाळ्या केलेला निवडा. नमुने अजून गोळा व्हायचे असतील, तर डोळे कोण तपासणार हे पहिल्याच बैठकीत ठरवून घ्या.