मागची सीट घाबरते तेव्हा : पुढे बसणाऱ्याने टाळायच्या चुका

लग्नानंतरची पहिली दोन वर्षं बायको गाडीवर बसली की माझा शर्ट पाठीमागून मुठीत धरायची. घरी येईस्तोवर पाठीवर दोन गोळे झालेले. मी समजायचो, हिचा स्वभावच भित्रा. एकदा नागपूरच्या व्हेरायटी चौकात सिग्नलला थांबलो असताना वैतागून विचारलं, "पन्नासच्या वर काटा नाही गेला, भ्याले काय झालं तुले?" ती म्हणाली, "तुम्ही रस्ता पाहून राहिले. मले फक्त तुमचं हेल्मेट दिसते."

सगळं दुखणं या एका वाक्यात आहे. पुढच्याला खड्डा दिसतो, आडवी येणारी ऑटो दिसते, ब्रेक कधी लागणार हे आधीच ठाऊक असतं. मागच्याला यातलं काहीच कळत नाही, फक्त धक्का कळतो. म्हणून भीती वेगाची कमी आणि अचानकपणाची जास्त. चाळीसच्या वेगातही माणूस घाबरतो आणि सत्तरच्या वेगात निवांत बसू शकतो, हे मी दोन्ही पाहिलं आहे.

ठक मोजा

तुम्ही ब्रेक मारला की मागच्याचं हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर आपटतं. ठक. बहुतेक जण "नीट बस ना" म्हणून मोकळे होतात. ही ठक म्हणजे मागच्याची नाही, तुमची चूक. एका फेरीत किती वेळा वाजली ते मोजा. पहिल्या दिवशी घर ते बर्डी (सीताबर्डी) एवढ्यात माझ्या नऊ झाल्या होत्या.

ठक तीन कारणांनी होते. ब्रेक उशिरा आणि एकदम दाबणं हे पहिलं. मागे माणूस असला की वजन वाढतं, गाडी थांबायला जास्त अंतर घेते. एकट्याच्या सवयीने ब्रेक मारला की शेवटच्या क्षणी जोर लावावा लागतो. सिग्नल लाल दिसला की लांबूनच हलका ब्रेक सुरू करा, मग वाढवा, आणि गाडी उभी राहता राहता किंचित सैल सोडा. शेवटचा तो मान झुकवणारा झटका यानेच जातो. दुसरं कारण अ‍ॅक्सिलरेटर पटकन सोडणं. तो सावकाश मिटायचा. तिसरं, गिअर खाली टाकून क्लच धाडकन सोडणं. हे मात्र सवयीने सुटतं, सांगून नाही. रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर सराव करा.

गाडी उचलतानाही तेच. सिग्नल हिरवा झाला की झपकन निघण्यात काय मर्दुमकी आहे कोणास ठाऊक. मागचा माणूस मागे फेकला जातो आणि पुढच्या सिग्नलपर्यंत अंग आखडून बसतो.

चढण्या-उतरण्याची घाई

स्टँड काढला, एक पाय जमिनीवर, आणि "बस लवकर". गाडी कलते, भीती तिथूनच सुरू. दोन्ही पाय जमिनीवर टेकवा, गाडी न्यूट्रलला ठेवा, पुढचा ब्रेक दाबून धरा, मग "बस" म्हणा. चढणं डावीकडून, कारण बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असतो आणि पिंढरीला त्याचा चटका बसला की पुढचे सहा महिने गाडीचं नाव काढायचं नाही. बसून झाल्यावर मागच्याने पाठीवर थाप मारायची, तोवर गाडी हलवायची नाही. उतरतानाही तुम्ही "उतर" म्हटल्याशिवाय पाय खाली नाही.

"घट्ट धर" एवढंच सांगणं

कुठे धरायचं ते सांगा. दोन्ही हात खांद्यावर ठेवले तर मागचा दचकला की तुमचं हँडल हलतं. एक हात कंबरेवर, दुसरा मागच्या दांडीवर, हे बरं. वळणावर गाडी कलली की घाबरलेला माणूस उलटीकडे झुकतो आणि गाडी जड लागते. त्याला "माझ्याबरोबर झुक" म्हणून काही होत नाही. "ज्या बाजूला वळतो आहे त्या खांद्यावरून रस्ता पहा" म्हणा. अंग आपोआप बरोबर येतं, आणि त्याला रस्ताही दिसायला लागतो.

आमच्या आईचं प्रकरण निराळं. नऊवारी नाही, पण साडी, आणि एका बाजूला पाय करूनच बसणार. असं बसणाऱ्याला डावीकडचा फुटपाथ दिसतो, पुढचं काहीच नाही. उजवीकडे यू-टर्न घेतला की ती पाठीवर पडल्यासारखी होते. म्हणून आई मागे असली की मी यू-टर्न अगदी हळू आणि रुंद घेतो, नाहीतर सरळ पुढच्या चौकातून वळून येतो. साडीगार्ड आणि मागच्याला धरायची सोय मोटार वाहन नियमांनीच सक्तीची केलेली आहे. सेकंडहँड गाडी घेतली असेल आणि आधीच्या मालकाने देखणेपणासाठी जाळी काढून टाकली असेल तर आधी ती बसवा. साडीचा पदर, ओढणी, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात तोंडाला गुंडाळलेल्या स्कार्फचं लोंबतं टोक, सगळं खोचून घ्या.

गाडी एकट्यासाठी लावलेली

मागचा माणूस जवळजवळ मागच्या चाकावरच बसलेला असतो, त्यामुळे तुम्हाला जो धक्का हलका वाटतो तो त्याच्या कण्यात जातो. सिमेंट रस्त्याचे सांधे आणि उड्डाणपुलावरच्या लोखंडी पट्ट्या तुमच्या लक्षातही येत नाहीत, मागे मात्र धडधड धडधड. चेनकव्हरवरचं स्टिकर किंवा माहितीपुस्तक उघडून पहा, टायरच्या हवेचे दोन आकडे असतात, एकट्याचा आणि दोघांचा. पंपावर "मागे किती टाकू" विचारलं की आपण सवयीने पहिलाच सांगतो. मागचे शॉकअप बऱ्याच गाड्यांवर खाचा फिरवून कडक करता येतात; मेकॅनिकला पाच मिनिटांचं काम. आणि खड्डा दिसला की तोंडाने "खड्डा" म्हणा. मागच्याने फूटरेस्टवर जोर देऊन जरासं उठलं की अर्धा धक्का जातो.

हेल्मेट मागच्यालाही लागतं, मोटार वाहन कायद्याचं कलम 129 चार वर्षांवरच्या प्रत्येकाला लागू आहे. आयएसआय खूण पहा आणि त्याच्या मापाचं घ्या. तुमचं जुनं ढिलं हेल्मेट त्याच्या डोक्यात गरगर फिरत राहिलं तर भीती वाढणारच.

"काही नाही होत"

हे वाक्य बंद करा. त्यापेक्षा खुणा ठरवा: मांडीवर एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे थांब. थाप मिळाली की वाद न घालता ऐकायचं. आपल्या म्हणण्याला गाडी मान देते, हे एकदा कळलं की मुठी सुटायला लागतात. ट्रकच्या मागे चिकटून चालणं आणि दोन बसच्या मधून काढणं हेही बंद. त्यात तुमचा फार तर मिनिटभर वाचतो.

सुरुवात लांबच्या फेरीने करू नका. आम्ही सकाळी साडेसहाला सेमिनरी हिल्स, तेलंगखेडी, फुटाळा, तिथे चहा आणि परत, असं महिनाभर केलं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला असताना दुपारी निघून "तुला आवडतच नाही" म्हणण्यात अर्थ नाही. काळं सीट तेव्हा तव्यासारखं असतं.

पहिली लांबची फेरी डिसेंबरात रामटेकची, कामठी, कन्हान, मनसर करत. पन्नासेक किलोमीटर, मध्ये दोनदा थांबून. गड चढून खिंडसी तलावापर्यंत जाऊन आलो. परत येताना तिने मुद्दाम हिशेब ठेवला होता. घरी हेल्मेट काढता काढता म्हणाली, "आज दोन ठक." मी म्हणालो एकच, दुसरी कन्हानजवळ आडव्या आलेल्या म्हशीची. तिला ते अजून मान्य नाही.