पोस्ट उडवली तर दाद कुठे आणि कशी मागायची

फेसबुकवरची पोस्ट, यूट्यूबवरचा व्हिडिओ किंवा एक्सवरचं ट्वीट गायब झालं की बहुतेक जण 'कुणीतरी रिपोर्ट मारला' म्हणून संतापतात, अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर एक तिखट पोस्ट लिहितात आणि उडालेला मजकूर जसाच्या तसा पुन्हा चढवतात. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महागात पडते. तोच मजकूर पुन्हा दिसला की यंत्रणा तो नवा नियमभंग म्हणून मोजू शकते, आणि पहिलं अपील तपासलं जाण्याआधीच अकाउंटवर निर्बंध येतात. दुसरं अकाउंट काढून तेच चालू ठेवलं, तर बंदी चुकवल्याचा आरोप वर.

आधी एकच प्रश्न सोडवा: मजकूर कुणी काढला? कंपनीनं स्वतःच्या नियमांखाली, कुणा तिसऱ्याच्या कॉपीराइट दाव्यावरून, की सरकारच्या वा कोर्टाच्या आदेशावरून? तिन्हींची दारं वेगळी आहेत. चुकीच्या दारात टाकलेला अर्ज बऱ्याचदा फेटाळलाही जात नाही, नुसता पडून राहतो.

उत्तर सूचनेतच असतं. 'कम्युनिटी स्टँडर्ड्स' किंवा 'कम्युनिटी गाइडलाइन्स' असे शब्द असतील तर काम कंपनीचं. दावेदाराचं नाव आणि 'कॉपीराइट' दिसलं तर मामला मालकी हक्काचा. 'लीगल डिमांड' (कायदेशीर मागणी), 'भारतात विथहेल्ड' (रोखलेला) असं असेल तर आदेश बाहेरून आलेला. सूचना मोघम असेल तर लिंक परदेशातल्या नातेवाइकाला पाठवा. न्यू जर्सीत उघडते आणि नाशिकमध्ये नाही, म्हणजे मजकूर काढलेला नसून फक्त भारतापुरता झाकलेला आहे. तसं असेल तर कायदेशीर आदेशाची शक्यता सर्वात मोठी.

कुठलंही बटण दाबण्यापूर्वी पुरावा गोळा करा. मूळ लिंक, तारीख-वेळ दिसेल असा सूचनेचा स्क्रीनशॉट, आलेला मेल, संदर्भ क्रमांक आणि मजकुराची मूळ फाइल. वादातली पोस्ट स्वतः डिलीट करू नका. यूट्यूबवर व्हिडिओ डिलीट केल्यानं स्ट्राइक, म्हणजे चॅनेलवर नोंदलेला नियमभंग, जात नाही.

कंपनीनं काढलं असेल तर

सगळ्यात जास्त प्रकरणं इथलीच. यूट्यूबवर पहिल्या चुकीला साधारणपणे ताकीद मिळते. त्यानंतरच्या पहिल्या स्ट्राइकला एक आठवडा अपलोड बंद, ९० दिवसांत दुसरा आला तर दोन आठवडे, आणि त्याच ९० दिवसांत तिसरा आला तर चॅनेल जातं. एका स्ट्राइकवर अपील एकदाच करता येतं, म्हणून रागाच्या भरात 'हा अन्याय आहे' एवढंच लिहून ती संधी घालवू नका. मेटानं फेसबुक किंवा इन्स्टाग्रामचं अकाउंटच निलंबित केलं असेल तर अपीलाला १८० दिवस मिळतात. वाट बघण्यात मात्र काही हशील नाही.

अपीलात घटनेचं अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं कलम १९ लिहून काही हाती लागत नाही. तपासणाऱ्यासमोर कंपनीची नियमावली असते आणि निर्णय तिच्यावरूनच होतो. तेव्हा ज्या नियमाखाली मजकूर काढला तो उघडून पूर्ण वाचा. त्यातच अपवाद लिहिलेले असतात आणि तुमची केस बहुधा एखाद्या अपवादात बसते. मेटाच्या द्वेषपूर्ण मजकुराच्या नियमात, दुसऱ्याचं बोलणं निषेधासाठी किंवा माहितीसाठी दाखवण्याला जागा आहे, पण हेतू स्पष्ट दिसला पाहिजे ही अट आहे. यूट्यूबवर शैक्षणिक, माहितीपर, वैज्ञानिक आणि कलात्मक संदर्भाला सूट मिळते. तो संदर्भ व्हिडिओत, शीर्षकात किंवा वर्णनात असावा लागतो. अपीलात मागाहून सांगितलेला संदर्भ तितका उपयोगी पडत नाही.

नेहमीचं उदाहरण घ्या. कुणाला इनबॉक्समध्ये जातीवाचक शिवी आली. त्यानं स्क्रीनशॉट टाकला आणि वर फक्त लिहिलं, 'बघा लोकहो'. पोस्ट उडते, कारण यंत्रणेला शिवी दिसते, निषेध दिसत नाही. याचं अपील असं लिहावं:

'या पोस्टमधला स्क्रीनशॉट मला आलेल्या मेसेजचा आहे. त्यातली जातीवाचक शिवी माझी नाही, ती मला दिलेली आहे. जातीयवादी वागणूक उघड करण्यासाठी आणि तिचा निषेध करण्यासाठी मी तो दाखवला. कमेंट्समध्येही मी तसं म्हटलं आहे. निषेधासाठी केलेल्या उल्लेखाला तुमच्या नियमात परवानगी आहे. कृपया पोस्ट मराठी जाणणाऱ्या व्यक्तीकडून तपासावी.'

पाच-सहा वाक्यं पुरतात. मराठी मजकुराखाली त्याचंच इंग्रजी रूप जोडा. तपासणारा मराठी वाचणारा असेलच असं धरून चालू नका. अपील फेटाळलं गेलं तर पोस्ट नव्यानं लिहा: निषेधाचं वाक्य आधी, शिवीतली अक्षरं झाकलेली, आणि 'मला आलेला मेसेज' हे शब्द चित्रावरच.

मेटाच्या बाबतीत आणखी एक पायरी आहे. कंपनीनं अंतिम निर्णय दिला की काही प्रकरणांत ओव्हरसाइट बोर्डासाठी, म्हणजे मेटाचे निर्णय तपासणाऱ्या स्वतंत्र मंडळासाठी, संदर्भ क्रमांक मिळतो. तिथे १५ दिवसांत अर्ज करावा लागतो. हे मंडळ मोजकीच प्रकरणं निवडतं, पण त्या त्या पोस्टबद्दलचा त्याचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. एप्रिल २०२१ मध्ये त्यानं भारतातल्या एका पंजाबी पोस्टचं प्रकरण हाताळलं आणि ती काढणं चूक होतं असा निर्णय दिला. कंपनीचे नियम पंजाबीत उपलब्धच नव्हते, यावरही बोट ठेवलं. प्रादेशिक भाषेत लिहिणाऱ्यानं हा निर्णय अपीलात जरूर दाखवावा.

तक्रार अधिकारी आणि अपील समिती

कंपनीचं अंतर्गत अपील आणि कायद्यानं दिलेली तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात नकार आला की लोक थांबतात, आणि नेमकं तिथे थांबायचं कारण नाही. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ प्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचा संपर्क जाहीर करावा लागतो. ५० लाखांवर नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या मोठ्या कंपन्यांवर आणखी एक बंधन आहे: आपणहून मजकूर काढताना कारण कळवायचं आणि बाजू मांडायला पुरेशी संधी द्यायची. हा नियम ४ चा पोटनियम ८. तक्रारीत त्याचा उल्लेख नावानिशी करा, कारण 'कारणच सांगितलं नाही' ही तुमची सर्वात भक्कम बाजू असू शकते.

मूळ नियमांत तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल १५ दिवसांत अशी मुदत होती. नंतरच्या दुरुस्त्यांनी काही प्रकारांत मुदती आखडल्या आहेत, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी नियमांची ताजी प्रत उघडून मुदत बघावी. उत्तर पटलं नाही तर ते मिळाल्यापासून ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे जाता येतं. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारनं अशा तीन समित्या नेमल्या आणि त्यांचं सगळं काम ऑनलाइन चालतं. समिती सरकारनं नेमलेली आहे हे विसरू नये. कंपनीच्या चुकीविरुद्ध तिचा उपयोग आहे, सरकारी आदेशाविरुद्ध तिच्याकडून अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

कॉपीराइट

यूट्यूबवर कंटेंट आयडीचा (दुसऱ्याचा मजकूर आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेचा) क्लेम आणि कॉपीराइट स्ट्राइक यांची गल्लत होते. क्लेममध्ये बहुधा जाहिरातीचे पैसे दुसऱ्याकडे जातात, चॅनेलला धक्का नसतो. डिस्प्यूट केला की दावेदाराला ३० दिवस मिळतात. स्ट्राइकवर मात्र काउंटर नोटिफिकेशन, म्हणजे दावा चुकीचा असल्याचं औपचारिक उत्तर, द्यावं लागतं. त्यानंतर दावेदारानं अमेरिकेतल्या कामकाजाच्या १० दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत येतो. धोका असा की त्या अर्जातलं तुमचं नाव आणि पत्ता दावेदाराच्या हाती जातो. टीकेचा व्हिडिओ दाबण्यासाठीच दावा केला असेल तर घरचा पत्ता त्याच माणसाला देण्याआधी वकिलाशी बोला. टीका, समीक्षण आणि चालू घडामोडींच्या वृत्तांकनासाठी उतारा वापरण्याला भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये जागा आहे, मात्र अख्खा सिनेमा किंवा गाणं लावून 'समीक्षण' म्हटल्यानं ती मिळत नाही.

सरकारी आदेश

इथे दोन वाटा दिसतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली २००९ च्या नियमांनुसार मजकूर रोखता येतो. त्यातल्या नियम १६ मध्ये गोपनीयतेची अट आहे, त्यामुळे माहिती अधिकारातून आदेशाची प्रत मिळणं अवघड. दुसरी वाट त्याच कायद्याच्या कलम ७९ ची, म्हणजे वापरकर्त्यांच्या मजकुराबद्दल कंपनीला अटींसह संरक्षण देणाऱ्या कलमाची. तिथे श्रेया सिंघल खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा २४ मार्च २०१५ चा निकाल हाताशी ठेवा: कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश आल्याशिवाय, निव्वळ कुणा खासगी माणसाच्या तक्रारीवरून मजकूर काढायला हे कलम कंपनीला भाग पाडत नाही. आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला गुन्हा ठरवणारं कलम ६६अ रद्द झालं ते याच निकालात, आणि त्यामागे २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुक पोस्टवरून झालेली अटक होती. आजही कुणी ६६अ ची धमकी दिली तर हा निकाल दाखवावा.

कंपनीला लेखी विचारा: आदेश कुठल्या कलमाखाली आला, कुणी काढला, प्रत मिळेल का. नकारही लेखीच घ्या, तो पुढे लागतो. यानंतरचा मार्ग उच्च न्यायालयात घटनेच्या कलम २२६ खालच्या रिट याचिकेचा. महाराष्ट्र-गोव्यातल्या माणसाला मुंबईशिवाय नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि पर्वरी इथली खंडपीठं आहेत, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंचही बसतं. वकिलाकडे जाताना पुराव्याच्या फोल्डरसोबत तारखांचा एक पानी तक्ता न्या: मजकूर कधी टाकला, कधी उडाला, कुणाला काय कळवलं, उत्तर कधी आलं.